बाळारामची पकड

रवि. १३ नोव्हें. १९८८
दिवाळीनंतरची पहिली रग्बीची प्रॅक्टिस. वॉटर वर्क्समागचं मैदान, गवत अजून ओलं. पोरं फराळाने जड झालेली.
नरेशने आज कमाल केली. चेंडू घेऊन निघाला, चौघांना चुकवलं, समोर कुणी नाही, शेवटची रेष हातभर लांब. तिथे चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय. आणि हा गडी गर्रकन वळला आणि तितक्याच जोरात पळत आपल्या बाजूला परत आला. मध्यरेषा ओलांडून मगच थांबला. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. काही चुकलंय असं एकालाही वाटलं नाही.
जांभूळची पोरं. पाळण्यातून उतरली ती कबड्डीतच. शिवायचं आणि जिवंत घरी यायचं. पावसाळ्यापासून घसा फोडून सांगतोय की इथे घरी परत यायचं नसतं. ज्याला पकडतात तो अजूनही "बाद" म्हणून बाहेर जाऊन बसतो, त्याला हाताला धरून आणावं लागतं.
विशनची तऱ्हा वेगळी. हा उल्हासनगर कॅम्प तीनचा, कबड्डी कधी खेळलेला नाही, पण चेंडू हाताने फक्त मागेच द्यायचा हा नियम त्याला खटकतो. "सर, पीछे देनेका, तो आगे कैसे जानेका?" म्हटलं, पळून. त्याला पटलं नाही. कलकत्त्याला नोकरीत असताना हा खेळ शिकलो तेव्हा मलाही पटलं नव्हतं.

बुध. १६ नोव्हें.
दुसरी पाळी. बॉयलरने रात्रीपर्यंत पिडलं. गुडघा ठणकतोय. सौ. म्हणते, "या वयात लोक जिना कठडा धरून उतरतात. एखादा रविवार घरी बसून पोहे खाल्लेत तर रग्बी बंद पडणार नाही." बंद पडेल, हीच तर अडचण आहे. 
कारखान्यात रोज कुणीतरी विचारतंच, "काय, अंडं घेऊन पळायचं कसं चाललंय?" आधी हसायचो.

रवि. २० नोव्हें.
टॅकल शिकवायला पोतं आलं! विशनच्या काकाचा जीन्सचा कारखाना आहे, त्याने कोऱ्या जीन्सची माणसाएवढी गोणी शिवून दिली, आत कातरण ठासून भरलेली. कॅम्प तीनहून रिक्षात आपल्याशेजारी बसवून आणली विशनने. रिक्षावाला तिचंही भाडं मागत होता म्हणे.
आज फक्त टॅकल. धावत येणाऱ्याला अडवायचं ते खांद्याने, मांडीवर. आपलं डोकं त्याच्या मागे, गाल त्याच्या ढुंगणाला चिकटलेला. म्हणजे तो पडतो तेव्हा आपण वर असतो. डोकं पुढे राहिलं तर त्याचा गुडघा आपल्या कानशिलात, आणि मग तो अख्खा आपल्या मानेवर. "गाल ढुंगणाला" म्हटलं की सगळे खिदळतात. खिदळू देत, लक्षात तर राहील.
कोऱ्या जीन्सचा रंग जातो हे नंतर कळलं. तासाभरात सगळ्यांचे गाल निळे. मला बरंच झालं, कोणाचं डोकं कुठे जातं ते तोंडावरच दिसतं. नरेशचं कपाळ निळं. दोन्ही गाल कोरे.
तो खांद्याने जातच नाही. सूर मारून सरळ घोट्याला जातो, आडवा, डोकं पुढे. पोतं काय, उभं असतं बिचारं, दर वेळी पडलं. पोरं ओरडली, "बाळारामची पकड!" बाळाराम म्हणजे नरेशचे वडील. अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत कबड्डीत डाव्या कोपऱ्याला त्यांच्यासारखा पकड करणारा झाला नाही म्हणतात.

रवि. २७ नोव्हें.
जे व्हायचं ते झालं.
पोत्याऐवजी आज माणसं. विशन चेंडू घेऊन आला, नरेश डावीकडून घोट्यावर झेपावला, डोकं पुढे. विशनचा गुडघा बसला. आवाज मैदानभर आला. नरेश उताणा, डोळे उघडे, आत कुणी नाही. मग उठून बसला आणि मला विचारतो, "कोनाची चढाई?"
 विशन रडायला लागला.
स्कूटरवर मध्ये बसवून, मागे विशनला धरायला घेऊन बदलापूरला डॉक्टरांकडे. ते म्हणाले, दोन आठवडे पळापळ नको, पुन्हा असं लागू देऊ नका. वाटेत त्याने तीनदा विचारलं आपण कुठे चाललोय.
मग जांभूळला घरी सोडायला. बाळारामदादा अंगणात पेंढा रचत होते. आडवा बांधा, मान अशी की शर्टाची कॉलर मिटत नसावी. मी सगळं सांगितलं, तर हसले. "मना धा वेला लागलाय सायब. काय झाला? उबा हाय तुमचे समोर." मी म्हटलं, त्याची ही पकड बदलावी लागेल. हसणं थांबलं. मला चहा विचारला, मी घेतला. नरेशची आई दारात उभी राहून फक्त माझ्याकडे बघत होती.

गुरु. १ डिसें.
कलकत्त्याला आमच्यातलाच एक खेळाडू असा आडवा गेला होता. तो जगला. बोलायचाही. पण मान शेवटपर्यंत…
नको.

सोम. ५ डिसें.
कारखान्यात फोन. मुंबईचा क्लब त्यांची ज्युनियर टीम पाठवायला तयार आहे. १५ जानेवारी, आपल्याच मैदानावर, सात-सातचा सामना. दोन वर्षं मागे लागलो होतो. आनंद व्हायला हवा होता. झालाही, चहा येईपर्यंत. मग सात कोण, कपडे कुठले, गोलपोस्ट कोण देणार.
डाव्या बाजूला नरेशशिवाय दुसरा नाही. त्याच्याइतकं धावणारं आणि न घाबरणारं एकही पोर माझ्याकडे नाही.

रवि. ११ डिसें.
नरेश आला. पोत्यावर अगदी बरोबर: खांदा, गाल, डोकं मागे. चालत येणाऱ्या माणसावर बरोबर. हळू पळणाऱ्यावरही बरोबर, मी मनात पेढे वाटले. मग म्हटलं आता जोरात. विशन जोरात आला आणि नरेश गेला घोट्याला, डोकं पुढे, जसं काही शिकलाच नव्हता. नशीब, विशनने उडी मारली.
ओरडलो. फार ओरडलो. तो मान खाली घालून म्हणाला, "सर, मी ठरवतो हो. पन तो अंगावर आला का हातपाय आपले आपनच जातात."
 आठव्या वर्षापासून बापाने अंगात घातलंय. मी पावसाळ्यात आलो.

रवि. १८ डिसें.
शोध लागला! उजवीकडून येणाऱ्याला नरेश अगदी पुस्तकात दाखवल्यासारखा धरतो. डोकं मागे, पाय चालू, सगळं. कारण बाळारामदादांनी त्याला फक्त डाव्या कोपऱ्याचं शिकवलंय, उजव्या बाजूला जुनं काही नाहीच. स्कूटरवरून येताना चक्क शीळ घालत होतो.
संध्याकाळी नशा उतरली. समोरचा काय विचारून येणार आहे, की तुझी कुठली बाजू?

रवि. २५ डिसें.
बाळारामदादा मैदानावर आले. पांढरा सदरा, हातात छत्री, ऊन नाही पाऊस नाही. बराच वेळ कडेला उभे होते. मी नरेशला शंभराव्यांदा सांगत होतो, डोकं मागे.
मग सगळ्यांसमोर: "सायब, माझे पकडीन काय खोट हाय ती मना सांगा. गावान बोलतान का बाळारामची पकड सायबान खोटी ठरवली."
मी म्हटलं, दादा, पकड खोटी नाही. तिथे चढाईवाला परत जायच्या घाईत असतो, अर्धा वळलेला असतो, पाय तुमच्या हातात द्यायलाच आल्यासारखा. इथे तो परत जातच नाही. सगळ्या अंगाचं वजन घेऊन तुमच्यावरच येतो.
"मंग त्याला येव देव नका."
"त्यासाठीच शिकवतोय."
"ही पकड मना माझे बापान शिकवली. ती तुमी सहा महिन्यान पुसनार?"
 नरेश दोघांच्या मध्ये उभा होता, जमिनीकडे बघत. मला त्याची दया आली आणि दादांचा रागही आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा कंटाळा आला. दादा छत्री टेकत गेले. नंतर कुणाचं मन लागलं नाही, लवकर सोडलं.

बुध. २८ डिसें.
पहिली पाळी. दुपारी झोपलो. सौ.ने विचारलं, "कशासाठी करता हे सगळं?" बऱ्याच वर्षांत तिने हे खरंच विचारलेलं नाही. मीही खरं उत्तर शोधलं. म्हटलं, चेंडू हातात घेऊन एखादं पोर पहिल्यांदा सरळ पळतं ना, मागे न बघता, तेव्हा फार बरं वाटतं. ती म्हणाली, "मग ठीक आहे." आणि गुडघ्याला तेल लावून दिलं.

रवि. ८ जाने. १९८९
सामन्याआधीची शेवटची प्रॅक्टिस. गोलपोस्ट म्हणून बांबू, गावानेच दिले. विशनच्या काकाने सात हाफ पँटी शिवल्या, जीन्सच्याच. घातल्यावर पोरं वाकू शकत नाहीत. उसवून आणायला परत पाठवल्या.
नरेश: उजवीकडून सगळे बरोबर. डावीकडून कधी बरोबर, कधी डोकं पुढे. आधी दर वेळी चुकायचा, म्हणजे सुधारणा आहे. पण "कधी" म्हणजे काय? एकदा पुरतं.
त्याला खेळवलं तर आपण लढू. नाही खेळवलं तर धुऊन निघू. आणि मला लढायचंय. खोटं कशाला लिहू.

शुक्र. १३ जाने.
सौ.ला विचारलं. तिला रग्बीतलं काही कळत नाही, म्हणून विचारलं. ती म्हणाली, "त्याची आई विचारायला आली तर काय सांगाल, तेवढं आत्ताच ठरवून ठेवा."
ठरलं.

शनि. १४ जाने. संक्रांत.
नरेशला मैदानावर बोलावून सांगितलं, उद्या तू बाहेर. चुना मारत होता रेषांना, डबा हातात. म्हणाला, "मी घाबरत नाय, सर." म्हटलं, मी घाबरतो. "तुमाला काय व्हनार? मान माझी हाय." मी म्हटलं, म्हणूनच.
डबा खाली ठेवला, सावकाश, सांडू न देता. "बाबांची पकड सोडली मी तुमच्यासाठी. घरात बोलत नायत माझ्याशी. आता तुमी पन बाहेर बसवताव."
तिळगूळ खिशातच राहिला. उरलेल्या रेषा मी मारल्या. वाकड्या आल्या.

रवि. १५ जाने.
हरलो. आकडा लिहीत नाही, मुंबईच्या पोरांनी तो मोजून ठेवलेला आहे.
चांगली पोरं होती पण. गावाने सगळ्यांना जेवायला घातलं, तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीचं कालवण. त्यांच्यातल्या एकाने भाकरी कशी धरायची ते विशनला विचारलं. विशनने इंग्रजीत समजावून सांगितलं.
विशनने आमचा एकुलता एक ट्राय केला. रेष ओलांडली तरी थांबेना, बांबूंच्या पलीकडे, रस्त्याकडे निघाला, आम्ही सगळे ओरडतोय "टेकव! टेकव!" तेव्हा टेकवला. असा आनंद मला नोकरी लागल्यावर झाला नव्हता.
बाकी सगळं डावीकडून गेलं. दर वेळी तिथूनच. तिथे ठेवलेलं पोर जीव तोडून पळत होतं, पण पोचत नव्हतं. नरेश बाहेर उभा, गावातल्या पोरांत. प्रत्येक वेळी त्याचं अंग पुढे झेपावायचं आणि थांबायचं. बाळारामदादाही होते, त्याच्यापासून लांब. माझ्याकडे बघत होते की खेळाकडे, कळलं नाही.
कुणालाही लागलं नाही. एवढं एक.

रवि. २२ जाने.
पाच पोरं. नरेश नाही. विशन म्हणाला, "सर, वो कबड्डी में वापस गया. छब्बीस जानेवारीला गावात मॅचेस आहेत." बरं झालं म्हटलं. खरंच वाटलं बरं झालं. जिथला होता तिथे गेला, मान शाबूत घेऊन.
पाच जणांना पासिंग दिलं. मी दगडावर बसूनच ओरडलो.

शुक्र. २७ जाने.
विशन काल जांभूळला मॅच बघायला गेला होता. आज कारखान्याच्या गेटवर माझी वाट बघत उभा. त्याला सांगवेना.
नरेश डाव्या कोपऱ्याला उभा होता. समोरच्या गावचा चढाईवाला त्याच्या पुढ्यात पाय नाचवत होता, घोटा अगदी हाताशी. सगळं गाव ओरडतंय, धर. नरेश गेला नाही. उभाच राहिला. पुन्हा चढाई, पुन्हा तेच. एकदा गेला, पण खांद्याने, अर्धवट. चढाईवाला त्याच्या अंगावरून उडी मारून मध्यरेषेवर. लोक हसले. बाळारामच्या पोराला पाय धरता येईना. विशन म्हणाला, "सर, उसका बाप उठके चला गया."
म्हणजे पुसली मी ती. पकड पुसली, आणि तिच्या जागी दुसरी पुरती बसवलीही नाही. रग्बीत धोक्याचा, कबड्डीत निकामी. मी असा विचारच केला नव्हता. इतके महिने मान, मान करत होतो. बाकीच्या पोराचं काय, हे सुचलं नाही.
जेवण गेलं नाही. सौ.ने ताट झाकून ठेवलं.

सोम. ३० जाने.
जांभूळला जायला निघालो. वॉटर वर्क्सच्या वळणावरून स्कूटर परत फिरवली. काय सांगणार होतो?

गुरु. २ फेब्रु.
गेलो. नरेशची आई भेटली. तिच्याशी काय बोलायचं ते ठरवून ठेवलेलं होतं, मान वाचली म्हणून. त्यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं. ती म्हणाली, "दोगं एके घरान हायत, पन जेवतान येगलेयेगले." बाळारामदादा शेतावर. नरेशही नव्हता. मी येऊन गेलो सांगा म्हटलं.
ठरवलं, हे आता बंद. या रविवारी पोरांना सांगून टाकू.

रवि. ५ फेब्रु.
लवकर गेलो, पोरं यायच्या आधी. बाळारामदादा मैदानाच्या मध्यात उभे. छत्री नाही. सदरा काढून बांबूला अडकवलेला, अंगात गंजी, धोतर वर खोचलेलं.
मला वाटलं, आज मार खाणार. खरंच वाटलं. आणि खायची तयारीही होती.
ते म्हणाले, "सायब, मना दाखवा."
"काय?"
"ती तुमची पकड. डोका मागं कसा ठेवतान ती. आधी मना शिकून घेव द्या, मंग मी त्याला शिकवीन. तो दुसऱ्याचा आयकतो, पन अंगान जात नाय. माझा अंगान जातंय."
मी म्हटलं, दादा, तुमचं वय, माझा गुडघा. म्हणाले, "पोऱ्या माझा उबा राहतो नुसता. मना बघवत नाय."  मग खाकरले.
पोत्यावर दाखवलं. खांदा, गाल, डोकं मागे. लगेच आलं. चालत गेलो, बरोबर. मग म्हणाले, "आता खरा या." चेंडू घेतला आणि पळालो, जेवढं पळता येतं तेवढं. डावीकडून गेलो.
झेपावले. घोट्याला. आडवे, डोकं पुढे.
मी अंग चोरलं म्हणून गुडघा कानाजवळून गेला, नाहीतर आज दोघांना स्कूटरवरून न्यावं लागलं असतं. दादा गवतात पडून आपल्याच हातांकडे बघत होते. "मी ठरवला व्हता," म्हणाले. "मी खरंच ठरवला व्हता, सायब."  पोरगाही हेच सांगत होता आणि मी त्याच्यावर ओरडत होतो.
"परत या."
परत. परत. मला धाप लागली, त्यांना लागली नाही. एकदा दोघेही असे पडलो की कोण कुठे कळेना. माझं तोंड मातीत. दादा माझ्या पायांवर.
"सायब, डोका कुठं व्हता माझा?"
"मला दिसलं नाही, दादा. मी पडलो होतो."
तेव्हा कळलं, नरेश आलाय. रस्त्याच्या कडेला सायकल धरून, कधीपासून कोण जाणे. दादांनीही पाहिलं.  मग दादांनी पडल्या पडल्याच हाक मारली, "नरेश, तुना बघला ना? डोका कुठं व्हता माझा?"
 पहिल्यांदाच कुणीतरी नरेशला विचारलं होतं.
"पुढं व्हता, बाबा."
"पुढं?"
"थोरा पुढं."
दादा उठले, धोतर पुन्हा खोचलं, गंजीची माती झटकली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "सायब, उठा. परत."